गोल्फ क्लबचं फेरूल न फोडता काढायचं आणि परत बसवायचं कसं

बेळगावच्या बाजारात जाऊन गोल्फ क्लबचं, म्हणजे बॉल मारायच्या काठीचं, फेरूल मागून बघा. काठीची दांडी आणि खालचं डोकं (हेड) जिथे जुळतात तिथलं ते प्लास्टिकचं कडं. दुकानदार तुम्हाला काठीच्या टोकाची रबरी टोपी नाहीतर पाइपाची कॉलर काढून दाखवेल. त्याची तरी काय चूक? ऑगस्ट २०२२ मध्ये गोल्फ कोर्सच्या झाडीत बिबट्या शिरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधाला हत्ती आणले, तेव्हा कुठे अर्ध्या गावाला कळलं की आपल्याकडे गोल्फ कोर्स आहे.

खेळणारे मोजके, आणि त्यातल्या पुष्कळांच्या बॅगेतले क्लब जुने. कुणी बदली झालेल्या अधिकाऱ्याकडून घेतलेले, कुणी पुण्या-मुंबईहून सेकंडहँड आणलेले. असा क्लब आज ना उद्या हेडपाशी सैल होतो. मग हेड काढून, साफ करून, नव्याने चिकटवावं लागतं. हे काम घरी जमण्यासारखं आहे. अडतं ते त्या बोटभर काळ्या कड्यावर. ते फुटलं की एका नगासाठी बाहेरगावाहून मागवा, आणि कुरिअरचा खर्च फेरूलपेक्षा जास्त. शिवाय सेटमधल्या बाकी क्लबांशी जुळणारं मिळेलच असं नाही. म्हणून आहे ते वाचवणं आपल्याकडे जास्त फायद्याचं. जिथे फेरूलं डझनावारी मिळतात तिथले कारागीर ते सरळ कापून फेकतात, आणि व्हिडिओतही तसंच दाखवतात.

पहिल्यांदाच करणाऱ्याने एक क्रम पक्का लक्षात ठेवावा. आधी फेरूल वर सरकवायचं, मग हेड तापवायचं. बहुतेक फेरूलं जळतात ती हा क्रम उलटा झाल्यामुळे. अपवाद एकच आहे, तो पुढे येईल.

१. फेरूल करतं काय, ते आधी समजून घ्या

क्लबची दांडी, म्हणजे शाफ्ट, हेडच्या ज्या नळीत घुसते तिला होझल म्हणतात. शाफ्ट बारीक आणि होझलची भिंत जाड, त्यामुळे जोडावर पायरी दिसते. ती पायरी झाकायला वरून निमुळतं प्लास्टिकचं कडं बसवतात, ते फेरूल. हे प्लास्टिक बहुधा सेल्युलोज ॲसिटेटच्या जातीचं असतं. उष्णतेने ते मऊ होतं आणि ॲसिटोनने विरघळतं. खाली जे जे सांगितलंय ते सगळं ह्या दोन गुणांवर चालतं.

हेड धरून ठेवतं ते होझलच्या आतलं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद. फेरूलला चीर गेली म्हणून हेड उडणार नाही. पण फेरूल आणि होझलच्या मध्ये फट दिसायला लागली तर दुर्लक्ष करू नका. फेरूल वर सरकलंय की हेडच खाली निसटतंय, हे नुसतं बघून कळत नाही. फेरूलच्या वर शाफ्टवर टेपची पट्टी गुंडाळा, तिच्या खालच्या काठापासून होझलच्या काठापर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा आणि सरावाच्या जाळीत (नेटमध्ये) थोडे हलके फटके मारा. पुन्हा मोजल्यावर अंतर वाढलं असेल तर हेडच सुटतंय. तो क्लब त्याच क्षणी बाजूला ठेवा. सुटलेलं हेड पलीकडच्या फेअरवेवरच्या (खेळायच्या पट्ट्यातल्या) माणसाला लागू शकतं.

अंतर तेवढंच राहिलं तर नुसतं फेरूल सरकलंय. हीट गनने किंचित ऊब द्या, आत पातळ इपॉक्सीचा थेंब सोडा, खाली दाबा, टेप लावून ठेवा. पुढचं काही करायची गरज नाही.

२. सामान

- हीट गन. गाड्यांना फिल्म लावणाऱ्यांकडे आणि मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असते, उसनी मिळते.
- वाईस, आणि शाफ्ट धरायला रबर किंवा मधे खाच पाडलेले दोन लाकडी ठोकळे.
- सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा.
- धारदार कटर, बारीक गोल कानस, ८० ते ६०० नंबरचे पॉलिश पेपर.
- व्हर्नियर. शाळेतली पट्टी ह्या कामाला पुरत नाही.
- २४ तासांत घट्ट होणारं दोन ट्यूबचं इपॉक्सी. साधं आरल्डाईट कुठल्याही हार्डवेअर दुकानात मिळतं. पाच मिनिटांत बसणारं घेऊ नका. ते क्लबचा झटका फार दिवस सोसत नाही.
- ॲसिटोन. केमिकलवाल्याकडे मिळतं. नेलपेंट रिमूव्हर चालवायचा असेल तर बाटलीवर ॲसिटोन लिहिलंय का ते वाचून घ्या, हल्ली बरेच रिमूव्हर त्याच्याशिवाय असतात.
- मास्किंग टेप, सुती चिंध्या, चामड्याचे हातमोजे.

आणखी दोन वस्तू करून घ्यायच्या. पहिली म्हणजे तीनेक मिमी जाडीची पोलादी पट्टी, तिच्या एका टोकाला साधारण १० मिमी रुंदीची इंग्रजी यू आकाराची खाच. उद्यमबागेत किंवा मच्छ्यात, आपल्या कारखान्यांच्या भागात, ओळखीचं मशीन शॉप असेल तर उरलेल्या तुकड्यातून चहा पिऊन होईपर्यंत करून देतात. खाचेच्या कडा मात्र घासून गुळगुळीत करायला सांगा, नाहीतर शाफ्टवर ओरखडे पडतात. दुसरी वस्तू लाकडी ठोकळा. त्याचं काम सातव्या पायरीत सांगतो.

शॉपमध्ये गेलात की एक गोष्ट हमखास होते. फेरूल हातात घेऊन टर्नर (लेथवर काम करणारा) म्हणतो, "एवढंच काय? डेलरिनचं नाहीतर नायलॉनचं नवीन टर्न करून देतो की." डेलरिन हे एक कडक प्लास्टिक. करून देईल, आणि दिसेलही झकास. पण डेलरिनला इपॉक्सी नीट धरत नाही, आणि दोन्हींवर ॲसिटोनचा हात फिरवून चमक येत नाही. ॲक्रिलिकचा रॉड वापरला तर ॲसिटोनने त्यावर बारीक भेगा पडू शकतात. पट्टी करून घ्या, फेरूलसाठी नम्रपणे नको म्हणा.

३. कोणता क्लब हातात आहे ते ओळखा

शाफ्टला लोहचुंबक लावा. चिकटलं तर स्टील, नाही तर बहुधा ग्राफाइट. पुढची सगळी सावधगिरी ह्यावर ठरते.

मग होझल नीट बघा. काही जुन्या क्लबांत होझलमधून आडवी बारीक पिन ठोकलेली असते. ती आधी बारीक पंचने काढली नाही तर किती तापवलं तरी हेड सुटत नाही. काही जुन्या कॅलवे क्लबांत शाफ्ट हेडच्या आरपार तळापर्यंत जाते, त्यांचं गणित वेगळं. नव्या ड्रायव्हरमध्ये (सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबमध्ये) स्क्रूने सुटणारा ॲडॅप्टर असतो आणि फेरूल त्या ॲडॅप्टरच्या डोक्यावर बसलेलं असतं. सुरुवात एखाद्या स्टील शाफ्टच्या आयर्नवर, म्हणजे धातूच्या पात्यासारखं हेड असलेल्या क्लबवर, करा. सात नंबरचा आयर्न उत्तम.

फेरूल दुसऱ्या शाफ्टवर चढवायचं असेल तर टोकाचा व्यास जुळलाच पाहिजे. ड्रायव्हरला सहसा ०.३३५ इंच (८.५ मिमी), फेअरवे वूडला (ड्रायव्हरच्या खालोखाल लांब फटक्याच्या क्लबला) ०.३३५ किंवा ०.३५० (८.९ मिमी), आयर्नला ०.३५५ (९ मिमी) किंवा ०.३७० (९.४ मिमी). ह्यातली ०.३५५ वाली शाफ्ट निमुळती असते, म्हणजे टोकापासून वर जाताना हळूहळू जाड होते. ०.३७० वाली टोकाकडे सरळ असते. ०.३५५ चं फेरूल ०.३७० वर जबरदस्तीने चढवलं तर आज बसेल आणि काही दिवसांनी उभी चीर जाईल. उलटं केलं तर खुळखुळेल.

४. वाचवायचं की नाही, ते आत्ताच ठरवा

साधं काळं, कडेला चिरलेलं, उन्हात ठेवून पांढुरकं पडलेलं फेरूल असेल तर त्यात जीव अडकवू नका. कटरने उभं कापा आणि मोकळे व्हा. पण पांढऱ्या किंवा रंगीत रेघांचं, सेटमधल्या सगळ्या क्लबांना सारखं असलेलं फेरूल वाचवण्यासारखं आहे.

आणखी एक. तेच हेड त्याच शाफ्टवर परत बसवायचं असेल तर फेरूल शाफ्टवरून उतरवायचंच नाही. इंचभर वर सरकवून तिथेच ठेवायचं आणि शेवटी खाली आणायचं. निम्मं काम वाचतं, धोकाही निम्मा.

५. फेरूल वर सरकवणं

ह्या पायरीला घाई अजिबात चालत नाही.

शाफ्ट वाईसमध्ये ठोकळ्यांमध्ये धरा. स्टीलची पोकळ शाफ्ट जास्त आवळली तर चेपते, ग्राफाइट तडकते, म्हणून हाताने फिरणार नाही एवढंच आवळा. फेरूल आणि होझलच्या सांध्यावरून कटरचं टोक हलक्या हाताने गोल फिरवा. तिथे इपॉक्सीचा पातळ पापुद्रा असतो, तो कापला जायला हवा.

आता ऊब. हीट गन सगळ्यात कमीवर ठेवा, वीतभर लांबून, सारखी गोल फिरवत. दहा-पंधरा सेकंदांनी थांबून बोट लावून बघा. चटका बसतो पण क्षणभर बोट टेकवता येतं, एवढं पुरे. फेरूलवर तेलकट चमक दिसू लागली किंवा बारीक फोड आला तर वेळ हुकली. हीट गनची भीती वाटत असेल तर उकळत्या पाण्यात बुडवलेली चिंधी चिमट्याने धरून फेरूलभोवती गुंडाळा, मिनिटभर ठेवा, गार झाली की पुन्हा. वेळ लागतो, पण पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे फेरूल जळायची भीती नाही. नवख्या माणसाला मी हीच पद्धत सांगेन.

ऊब लागली की ट्यूबचा तुकडा फेरूलभोवती घट्ट गुंडाळा आणि मुठीत धरून पिळा. ओढायचं नाही. कासार बांगडी चढवताना जसा जोर न करता फिरवत फिरवत पुढे नेतो, तसं डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं. कट् असा बारीक आवाज येतो आणि फेरूल फिरायला लागतं. तो इपॉक्सी सुटल्याचा आवाज. मग फिरवत वर न्या. दोनेक मिमी फट झाली की तिथे खाचेची पट्टी अडकवा आणि खालून हलक्या हातोडीने वर टकटक करा. दर दोन-तीन टोल्यांनंतर पट्टी शाफ्टभोवती थोडी फिरवा, म्हणजे फेरूल तिरकं होत नाही.

वर जाताना ते जास्त जास्त आवळत जाणार, कारण निमुळती शाफ्ट वर जाड होत जाते. अडलं की थांबा, पुन्हा ऊब द्या. होझलपासून २० ते २५ मिमी वर गेलं की पुरे. त्याहून वर नेलं तर फेरूल ताणलं जातं आणि खाली आणल्यावर सैल बसतं.

आता तो अपवाद. काही फेरूलांना खाली पातळ गळा असतो आणि तो होझलच्या आत बसलेला असतो. बाहेरून दिसत नाही. फेरूल फिरतंय पण वर येत नाही असं झालं तर असाच प्रकार समजा आणि ओढाताण थांबवा, नाहीतर गळा तुटून आत राहील. अशा वेळी फेरूल जागेवरच ठेवायचं, त्यावर ओल्या चिंधीचे तीन-चार वेढे द्यायचे, आणि होझलचा फक्त खालचा भाग तापवायचा. हेड सुटलं की फेरूल शाफ्टवर राहतं. चिंधी मधूनमधून भिजवत राहा.

६. हेड काढणं

वर सरकवलेल्या फेरूलच्या खाली शाफ्टवर ओल्या चिंधीची पट्टी गुंडाळा. स्टीलमधून उष्णता वर चढते, ती इथे अडते.

स्टीलची शाफ्ट असेल तर हीट गन पूर्ण क्षमतेवर होझलभोवती फिरवा. मधूनमधून हातमोजा घालून हेड पिळून बघा. इपॉक्सी मऊ झालं की हेड आधी चिकट, जड असं फिरतं आणि मग निघून येतं. गॅस टॉर्चने लवकर होतं, पण क्रोमवर निळसर डाग पडतो आणि तो जात नाही. हेडच्या समोर, शाफ्टच्या रेषेत उभं राहू नका. आतली हवा तापून हेड कधी कधी फटकन सुटतं. खिडक्या उघड्या ठेवा, जळक्या इपॉक्सीचा धूर घशाला लागतो. निघालेलं हेड शहाबादी फरशीवर ठेवा, गार करायला पाण्यात टाकू नका, आणि घरात लहान मुलं असतील तर "तापलेलं आहे" हे आधी सांगून ठेवा. बघून काही कळत नाही.

ग्राफाइटला टॉर्च नको आणि पिळणंही नको. त्यातले धागे रेझिनने बांधलेले असतात. जास्त उष्णतेने रेझिन मरतं, पिळल्याने धागे फाटतात, आणि बाहेरून शाफ्ट ठणठणीत दिसते. ती तुटते पुढे कधीतरी, भर फटक्यात. हेड सरळ रेषेत ओढणारा पुलर नसेल तर ग्राफाइटला हात लावू नका. पुलर म्हणजे शाफ्ट घट्ट धरणारा क्लॅम्प आणि स्क्रूने हेड पुढे ढकलणारी प्लेट. आपल्या गावातल्या शॉपना हे अवघड नाही, फक्त कागदावर मापं घालून ड्रॉइंग द्या. तोंडी समजावलंत तर भलतंच काहीतरी तयार होतं.

७. साफसफाई आणि परत बसवणं

शाफ्टच्या टोकावर इपॉक्सीचा कडक थर राहिलेला असतो. फेरूल उतरवायचं असेल तर हा थर साफ केल्याशिवाय खाली ओढू नका. आतून खरवडून ते मोठं होईल नाहीतर फुटेल. स्टीलवर कटरने खरवडा, मग ८० नंबरचा पेपर. ग्राफाइटवर फक्त पेपर, हलका हात, इपॉक्सी गेलं की थांबा. काळी भुकटी यायला लागली म्हणजे तुम्ही शाफ्टच घासताय.

टोक साफ झालं की फेरूल पुन्हा उबदार करा आणि पट्टीने वरून खाली टकटकत टोकाकडून उतरवा. ग्रिपकडून (मुठीच्या बाजूने) काढायचा विचारच नको, तिकडे शाफ्ट १५ मिमीपर्यंत जाड असते. फेरूलच्या आतलं इपॉक्सी गोल कानशीने काढा. ॲसिटोनमध्ये भिजत घालू नका, अर्ध्या तासाने वाटीत काळा लगदा मिळेल. होझल आतून तारेच्या गोल ब्रशने साफ करा आणि ॲसिटोनच्या चिंधीने पुसा, तिथे चालतं.

आता तो लाकडी ठोकळा. व्हर्नियरच्या मागच्या दांडीने होझलची खोली मोजा. आयर्नमध्ये ती साधारण ३०-३२ मिमी असते, पण प्रत्येक हेड मोजाच. ठोकळ्यात ९.५ मिमीच्या ड्रिलने बरोबर तेवढंच खोल भोक पाडा. ऊब दिलेलं फेरूल शाफ्टच्या टोकावर थोडं चढवा, टोक भोकात घाला आणि शाफ्ट खाली दाबा. शाफ्ट तळाला टेकली की फेरूल आपोआप नेमक्या उंचीवर येऊन थांबतं. डोळ्याने अंदाज घेऊन बसवलेलं फेरूल थोडं जरी खाली राहिलं तरी शाफ्ट होझलच्या तळाला पोचत नाही, आणि जोड कच्चा राहतो.

इपॉक्सीचे दोन्ही भाग सारखे घ्या आणि रंग एकजीव होईपर्यंत घोटा. शाफ्टच्या टोकाला लावा, होझलच्या आतही लावा. आत घालताना शाफ्ट फिरवा म्हणजे अडकलेली हवा निघते. हवा राहिली तर ती फेरूलला हळूच वर ढकलते, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी येऊन बघा आणि वर आलं असेल तर दाबून टेप लावा. वर सरकवून ठेवलेलं फेरूल असेल तर होझलच्या काठाशी इपॉक्सीचं बारीक कडं ठेवून मग ते खाली आणा. बाहेर आलेलं इपॉक्सी ओलं असतानाच पुसा. ग्रिपची खूण आणि हेडचा चेहरा (बॉलला लागणारी बाजू) जुळतो का ते आत्ताच बघा.

हेड खाली करून क्लब भिंतीला टेकवून ठेवा. पाकिटावर २४ तास लिहिलेलं असतं ते उबदार हवेचं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आणि जुलैच्या संततधारेत मी दोन पूर्ण दिवस थांबतो. दुपारचं ऊन मिळालं तर उत्तमच.

८. शेवटचा हात

तेच हेड असेल तर फेरूल होझलशी आधीच जुळलेलं असतं. हेड बदललं असेल तर फेरूल काठाबाहेर थोडं येतं. होझलवर टेपचे दोन वेढे द्या, पॉलिश पेपरची पट्टी कापा आणि बूट पॉलिशवाला फडकं ओढतो तशी मागेपुढे ओढा. आधी २४०, मग ४००, मग ६००. फेरूल फिकट, मळकट दिसेल. घाबरू नका.

वरच्या बाजूला शाफ्टलाही टेप लावा, कारण ॲसिटोन ग्राफाइटचा रंग उतरवतं. चिंधीवर थोडं ॲसिटोन घ्या, फेरूलभोवती एकच सलग वेढा, न थांबता, आणि हात काढा. काळी चमक परत येते. एका जागी चिंधी टेकली की तिथे बोटाचा ठसा उमटतो. ह्यावेळी हीट गन बंद, बाटलीचं झाकण लावलेलं, आणि जवळपास कुणी विडी-सिगारेट ओढत नाही ना, तेही बघा.

वजनाची काळजी काही जण फार करतात. स्विंगवेटचा, म्हणजे फिरवताना हेड किती जड वाटतं त्या मापाचा, एक अंक हलायला हेडकडे साधारण दोन ग्रॅम लागतात. अख्खं फेरूलच एक-दोन ग्रॅमचं, तेव्हा जुन्याच्या जागी जुनं बसवल्यावर फरक पडायचा प्रश्न येत नाही.

शाफ्टवर पुन्हा टेप, पुन्हा व्हर्नियरने अंतर, आणि पहिले फटके नेटमध्येच. अंतर हललं नाही तर क्लब बॅगेत टाका. काढून ठेवलेली जास्तीची फेरूलं फेकू नका. लहान पाऊचमध्ये घालून वर व्यास लिहून ठेवा, कारण ०.३५५ आणि ०.३७० शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात.